फाईलच्या पोटातच बिल्डची कमांड, आणि ती चालवणारं छोटं टूल: असं कोणी वापरतं का?

जेटीवरचा छापखाना, मालवण

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. फोनवरून लिहितोय, त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीतच टंकल्यात. कळतील.

मालवणात माझं झेरॉक्स आणि छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रांच्या दिवसांत दशावतारी नाटकांची हँडबिलं, चतुर्थीच्या आधी भजनाच्या पुस्तिका, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांची लेबलं, बारा महिने होमस्टेवाल्यांची मेनूकार्डं. बाजारात बाकी सगळे हे कोरलड्रॉमध्ये करतात. मी कॉलेजात असताना लाटेकच्या, म्हणजे मजकूर आणि सूचना साध्या फाईलीत लिहून कमांडनं छपाईची पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीच्या, नादी लागलो तो लागलोच. मशीनवर उबंटू आहे, आणि गिऱ्हाईक माऊस न हलवता पत्रिका तयार झालेली बघून अजून चकित होतं. तेवढीच जाहिरात.

अडचण अशी की प्रत्येक फाईलची तऱ्हा वेगळी. पत्रिका झीलाटेक ह्या लाटेकच्याच प्रकारानं करायची, कारण साध्या पीडीएफलाटेकला देवनागरीची जोडाक्षरं झेपत नाहीत. भजनाच्या पुस्तिकेला अनुक्रमणिका असते, म्हणून तीच कमांड दोनदा द्यायची: पहिल्या खेपेला पानांचे आकडे टिपले जातात, दुसऱ्या खेपेला ते छापले जातात. लेबलं इंकस्केप ह्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये काढलेली, त्यांची पीडीएफ वेगळ्या कमांडनं. काही फाईलींत नावांची यादी आधी पायथनमधून काढून घ्यावी लागते. हे सगळं माझ्या डोक्यात आहे. पण दुपारी मी जेवायला घरी गेलो की दुकानात भाचा असतो, आणि त्याचा फोन ठरलेला: ‘मामा, देवबागवाले इलेत, भरतीचा कार्ड मागतत. खंयची कमांड मारू?’

हे भरतीचं कार्ड म्हणजे सगळ्यात गुंतागुंतीचं काम, म्हणून तेच नीट सांगतो. तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांना दर महिन्याचं भरती-ओहोटीचं कार्ड लागतं, पाहुण्यांच्या खोलीत लावायला. इथले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या सुमाराला. पिढ्यान् पिढ्या त्यावर होड्या चालल्या. पण मुंबईच्या पाहुण्याला ‘सुमाराला’ चालत नाही, त्याला मिनिटं लागतात. म्हणून मी एक सी प्रोग्रॅम लिहिला. भरतीचे मोठे चार घटक घ्यायचे, प्रत्येकाची कोसाइन लाट काढायची, बेरीज करायची. चंद्राचा मुख्य घटक एम२, त्याचं एक आवर्तन १२.४२ तासांचं, सूर्याचा एस२, बरोबर १२ तासांचा, आणि दिवसातून एकदाच येणारे के१ आणि ओ१. पहिले दोन एका तालात आले की उधाण, म्हणजे मोठी भरती, ताल सुटला की भांग, म्हणजे लहान. लाटांची उंची आणि कला (कोणती लाट कधी माथ्यावर येते ते) मी सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील तक्त्यातल्या मुरगावच्या आकड्यांवरून बसवल्यात. कार्डाच्या तळाला ‘अंदाजे वेळा, होडी हाकायला वापरू नयेत’ असं जाड अक्षरात असतं. कृपा करून त्यावरून इथे वाद घालू नका.

तर ह्या कार्डाला तीन पायऱ्या. सी फाईल कंपाइल करा, म्हणजे तिचा चालणारा प्रोग्रॅम बनवा. तो प्रोग्रॅम चालवून महिन्याचा तक्ता एका टेक्स, म्हणजे लाटेकच्या, फाईलीत ओता. मग झीलाटेक. आणि कंपाइल करताना गणिताच्या लायब्ररीचं ‘-एलएम’ कमांडच्या शेवटीच लागतं. ते फाईलच्या नावाआधी लिहिलं तर उबंटूवर लिंकर, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू कॉस’ म्हणून हात वर करतो. आता हे भाच्यानं का लक्षात ठेवावं?

पहिल्यांदा सगळ्या कमांड एका वहीत लिहून ठेवल्या. वही गिऱ्हाइकाच्या बिलांखाली जाते. मग एक टेक्स्ट फाईल केली. तिच्यातली कमांड आणि खरी कमांड यांची लवकरच फारकत होते, कारण फाईल बदलताना ती दुसरी फाईल उघडायची आठवण कोणाला राहते?

शेवटी सरळ मार्ग धरला: जी फाईल बनवायची तिच्याच वरच्या ओळींत, कॉमेंट म्हणून, तिची कमांड लिहायची. टेक्स फाईलीत टक्क्याच्या चिन्हामागे, सी फाईलीत दोन तिरक्या रेघांमागे, पायथनमध्ये हॅशमागे. कंपायलर ती ओळ बघतच नाही. आणि ‘कर’ नावाची एक शेल स्क्रिप्ट केली (शेल म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम). ती फाईलच्या पहिल्या वीस ओळींत खूण शोधते, खुणेच्या पुढचं सगळं उचलते, फाईल ज्या फोल्डरात आहे तिथे जाते आणि उचललेलं शेलच्या हवाली करते. खुणेच्या ओळी एकापेक्षा जास्त असतील तर वरून खाली एकेक, आणि एक जरी फसली तरी तिथेच थांबते. बस. लग्नपत्रिकेत असं दिसतं:

% कर@: झीलाटेक पत्रिका.टेक्स

आणि भरती.सी मध्ये असं:

// कर@: सीसी -ओ भरती भरती.सी -एलएम
// कर@: ./भरती > तक्ता.टेक्स
// कर@: झीलाटेक कार्ड.टेक्स

खुणेत ते ‘@’ अशासाठी, की भजनाच्या पुस्तिकेत ‘कर जोडून’ वगैरे जागोजाग असतं आणि स्क्रिप्ट भलतीच ओळ पकडून चालवायला जाते.

भाच्याला आता एकच माहीत: ‘कर’ आणि पुढे फाईलचं नाव. शिवाय फाईल कोणाला व्हॉट्सॅपवर पाठवली तर कमांड तिच्याबरोबरच जाते. कणकवलीच्या माझ्या मित्राला पुस्तिकेची फाईल दिली, त्यानं वरची ओळ वाचली आणि मला एकही फोन न करता छापून मोकळा झाला. मला ह्यातलं सगळ्यात आवडलेलं हेच आहे.

आता प्रश्न. असलं काही आधीपासून तयार आहे का, की मी उगाच आपलं घोडं दामटतोय? पत्रिकेच्या फाईली एकीच्या नकलेवरून दुसरी अशा होतात आणि आतल्या ओळीत जुनंच नाव राहतं, त्याला काय करावं? आणि भरतीच्या कार्डासारखं पायऱ्यापायऱ्यांचं काम असल्या कॉमेंटांत ठेवणं कितपत शहाणपणाचं?

---

मिऱ्याबंदर, रत्नागिरी

घोडं दामटताय असं अजिबात नाही, पण त्या वाटेनं बरेच जण आधी गेलेत.

तुमचं निम्मं काम लाटेकचं, म्हणून पहिलं नाव अराराचं. ब्राझीलच्या पाउलो सेरेडानं सुरू केलेलं टूल, टेक लाइव्ह ह्या लाटेकच्या संचात मिळतं. फाईलीत ‘% अरारा: झीलाटेक’ अशी ओळ लिहायची, पुस्तिकेसाठी तीच ओळ दोनदा, आणि ‘अरारा पुस्तिका’ म्हणायचं. ओळ नसेल तर ते काहीच करत नाही, स्वतःचं डोकं चालवत नाही. ही गोष्ट मला फार भावते. फरक इतकाच की तुमच्या ओळीत अख्खी कमांड आहे, अराराच्या ओळीत फक्त नियमाचं नाव असतं. त्या नियमानं नेमकं काय चालवायचं ते वेगळ्या फाईलीत ठरलेलं. त्याला जावा लागतं, तेव्हा दुकानातलं मशीन जुनं असेल तर सुरू होताना जरा खोळंबा वाटेल.

नुसतं ‘ही फाईल झीलाटेकनं कर’ एवढंच सांगायचं असेल तर टेकशॉप आणि टेकवर्क्स हे दोन्ही एडिटर ‘% !टेक प्रोग्रॅम = झीलाटेक’ ही ओळ वाचतात. पण ती एडिटरातलं बटण दाबलं तरच कामाची, टर्मिनलवर तिला कोणी विचारत नाही.

आणि पुस्तिका दोनदा चालवायची कटकट लाटेकएमके काढून टाकतं. अनुक्रमणिका जागेवर बसली का ते स्वतः बघतं, बसली नसेल तर पुन्हा चालवतं, बसली असेल तर थांबतं. तुमच्या ओळीत झीलाटेकच्या ऐवजी ‘लाटेकएमके -झीलाटेक’ लिहा. दोनदा की तीनदा हा विषयच संपला.

लाटेकच्या बाहेर बघायचं तर गो भाषेत हे अधिकृत आहे. डिसेंबर २०१४ मध्ये १.४ आवृत्तीबरोबर ‘गो जनरेट’ आलं. सोर्समध्ये ‘//गो:जनरेट’ आणि पुढे कमांड. तिरक्या रेघा आणि ‘गो’ यांच्यात जागा सोडली तर ती साधी कॉमेंट ठरते आणि काहीही न होता सगळं शांत राहतं. ह्यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीये. पायथनवाल्यांचं पेप ७२३ नावाचं प्रमाण आहे, स्क्रिप्टच्याच वरच्या कॉमेंटांत तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या लिहायच्या. यूव्ही नावाच्या टूलचं ‘यूव्ही रन’ ती यादी वाचून आधी त्या गोळा करतं आणि मग स्क्रिप्ट चालवतं. त्यात कमांड नसते, सामानाची यादी असते, पण वृत्ती तीच: फाईलनं आपली गरज आपणच सांगायची. तुमच्या नावांच्या यादीच्या स्क्रिप्टला उपयोगी पडेल.

भरतीच्या प्रोग्रॅमसाठी फॅब्रिस बेलार्डचा टाइनी सी कंपायलर बघा. ‘टीसीसी -रन भरती.सी’ म्हटलं की कंपाइल करून तिथल्या तिथे चालवतो, मधली फाईलच उरत नाही. तुमची एक पायरी कमी.

---

कुडाळचो मेकवालो

माका एक सांग, फाईली बनवूक केलेला मेक नावाचा टूल असताना ह्या सगळा कशाक? १९७६ सालात बेल लॅब्समधल्या स्टुअर्ट फेल्डमनान ह्याच त्रासापायी मेक लिवल्यान. तुझा भरतीचा कार्ड म्हणजे मेकसाठीच जन्माक इलेला काम असा. सी फाईल बदलली तर प्रोग्रॅम नव्यान, प्रोग्रॅम बदललो तर तक्तो नव्यान, तक्तो बदललो तर पीडीएफ नव्यान. काय बदलला नाय तर कशाकच हात लावूचो नाय. तुझा ‘कर’ दर खेपेक सगळा पयल्यापासून करता. पत्रिकेक चलात. मोठ्या पुस्तिकेक भाचो कंटाळतलो आणि गिऱ्हाईक काउंटरवर बोटा वाजवीत रवतला.

टॅब तेवढो सांभाळ. मेकफाईलीत कमांडच्या आधी टॅबच व्हयो, स्पेस दिलंस तर ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणान बोंब मारता. फेल्डमनाक ता मागाहून खटाकला, पण तवसर दहा-बाराजणा वापरूक लागली होती, त्यांचा बिघडात म्हणान तसाच ठेवल्यान. आता अख्ख्या जगाक भोगूचा लागता.

आणि पेन ड्राइव्हवर ठेवून मेक चालवू नको. जुन्या फॅट फॉर्मॅटात फाईलीची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यान नोंदतत. पटापट दोन फाईली झाल्यो तर नवी खंयची, जुनी खंयची ता मेकाक कळणा नाय.

---

वेंगुर्ल्याची, सध्या पुण्यात

दादा, कल्पना छान आहे, पण तुम्ही न विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुमच्या दुकानात लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात ना? त्यावरची टेक्स फाईल भाच्यानं सवयीनं ‘कर’ला दिली, आणि तिच्या आठव्या ओळीत तुमचीच खूण टाकून कोणी होम फोल्डर पुसायची कमांड लिहिली असेल तर? तुमची स्क्रिप्ट ती इमानेइतबारे चालवील.

असं प्रत्यक्षात घडलेलं आहे. विम एडिटर फाईलच्या पहिल्या आणि शेवटच्या पाच ओळींत ‘मोडलाइन’ शोधतो, म्हणजे टॅब किती रुंद, भाषा कोणती असल्या निरुपद्रवी सूचना. २०१९ मध्ये त्यात भोक सापडलं. नीट रचलेली फाईल नुसती उघडली तरी तिच्यातली कमांड चालायची. ८.१.१३६५ ह्या पॅचनं ते बुजवलं. डेबियन आणि उबंटूवर मोडलाइन मुळातच बंद ठेवलेली असते ती उगाच नाही. आणि तिथे निदान कमांड चालवायचा हेतू नव्हता. तुमच्या टूलचा हेतूच तो आहे.

जाणत्यांनी काय केलं ते बघा. ‘गो बिल्ड’ आपणहून जनरेटच्या ओळी कधीच चालवत नाही. तुम्ही मुद्दाम ‘गो जनरेट’ म्हणायला हवं. शिवाय ती कमांड शेलमधून जात नाही, थेट प्रोग्रॅमला हाक मारली जाते. इमॅक्स एडिटरमध्ये फाईलच्या शेवटी कंपाइल-कमांड लिहून ठेवता येते, पण कंपाइल म्हटलं की तो आधी ती कमांड समोर धरतो आणि एंटर मारल्यावरच पुढे जातो. लाटेकमधूनसुद्धा बाहेरची वाटेल ती कमांड चालवता येत नाही, टेक लाइव्हनं ती वाट ठरावीक प्रोग्रॅमपुरतीच उघडी ठेवलीये.

तुमच्यासाठी माझं म्हणणं: ‘कर’नं आधी कमांड छापावी आणि होय-नाही विचारावं. दुकानाच्या कामाच्या फोल्डरातली फाईल असेल तर न विचारता चालवली तरी हरकत नाही, तिथे काय येतं ते तुमच्या हातात आहे. बाहेरची फाईल असेल तर विचारल्याशिवाय नाही. पेन ड्राइव्हवरची असेल तर सरळ नकार द्यावा, कारण होय-नाहीला एक महिन्यानं कोणीही न वाचता होय म्हणतो.

आता नक्कल केलेल्या फाईलीतल्या जुन्या नावाचं. ओळीत नाव लिहूच नका, जागा ठेवा. पण ती जागा सेड ह्या मजकूर बदलणाऱ्या कमांडनं अक्षरं बदलून भरायला जाऊ नका. पत्रिकेच्या फाईलींची नावं तुम्ही कशी ठेवत असाल ते मी इथे बसून सांगते: ‘सावंत & परब.टेक्स’. हे नाव कमांडमध्ये जसंच्या तसं चिकटवलं की शेल ‘झीलाटेक सावंत’ मागच्या मागे सोडून देतो आणि मग ‘परब.टेक्स’ नावाची कमांड शोधत बसतो. त्याऐवजी कमांड शेलला द्या आणि फाईलचं नाव तिचा पहिला आर्ग्युमेंट (कमांडला बाहेरून दिलेली किंमत) म्हणून वेगळं द्या. म्हणजे ओळ अशी होते:

% कर@: झीलाटेक "$1"

आणि स्क्रिप्टमधून ‘एसएच -सी’ च्या पुढे कमांड, मग नुसता ‘एसएच’, मग फाईलचं नाव. मधला ‘एसएच’ विसरू नका. तो शून्याव्या जागेवर बसतो. तो नसेल तर तुमच्या फाईलचं नाव त्या जागेवर जाईल आणि "$1" रिकामा राहील. अवतरणचिन्हं दुहेरीच हवीत. मग नावात जागा असो, ‘&’ असो, देवनागरी असो, काही फरक पडत नाही.

---

जेटीवरचा छापखाना, मालवण

ताई, फाईलचं नाव अगदी तसंच असतं. आडनावं वेगळी.

सगळ्यांचं वाचलं. "$1" ची युक्ती सकाळीच घातली, नकलेची भानगड मिटली. पुस्तिकांना लाटेकएमके लावला. अरारा बसवून बघितला, काम चोख आहे, पण इंकस्केप आणि सी फाईलींसाठी मला नियम लिहीत बसावे लागतील आणि ते पुन्हा वेगळ्या फाईलीत जातील. मी ज्यापासून पळालो तेच. माझ्या मनात पक्कं आहे की फाईल उघडल्यावर तिची कमांड डोळ्यांसमोर दिसली पाहिजे, नुसतं नियमाचं नाव नव्हे. लाटेकपुरतंच काम असणाऱ्यांनी मात्र अराराच घ्यावा.

पेन ड्राइव्हचं पटलं. उबंटूवर पेन ड्राइव्ह ‘मीडिया’ फोल्डराखाली लागतो. फाईलचा खरा पत्ता तिथला निघाला तर ‘कर’ आता ‘आधी दुकानात उतरवून घे’ म्हणून थांबतो. कामाच्या फोल्डराबाहेरची कुठलीही फाईल असेल तर कमांड दाखवून विचारतो. भाच्याची कुरकुर चालू आहे, चालू दे.

मेकवाल्यानू, तुमचा म्हणणा खरा, पण अर्धा. भरतीच्या कार्डाला मेकफाईल केली. सी फाईलीतल्या तीन ओळी काढून एकच ठेवली:

// कर@: मेक कार्ड.पीडीएफ

भाचा ‘कर भरती.सी’ म्हणतो, आत मेक आहे की आणखी काय, त्याला पत्ताही नाही. पण पत्रिका, हँडबिलं, मेनूकार्डं ह्यांना मेकफाईल कशासाठी? एक फाईल, एक कमांड, एक पीडीएफ, आणि लग्न झालं की ती फाईल पुन्हा कोणी उघडत नाही. अशा शेकडो सुट्या फाईलींची एक मेकफाईल म्हणजे माझी ती जुनी वहीच झाली की. फाईली एकमेकींवर अवलंबून असतील तिथे मेक, फाईल एकटी असेल तिथे तिच्या पोटातली ओळ. मला तरी हीच सीमारेषा दिसते.

एक वेगळाच घोळ निस्तरला तो सांगून ठेवतो, कोणाच्या तरी कामाला येईल. भाच्यानं घरच्या विंडोजवर एक पत्रिका दुरुस्त करून आणली. ‘कर’ चालवल्यावर झीलाटेक म्हणतो फाईल सापडत नाही, आणि फाईल तर समोर. एररमध्ये नावसुद्धा बरोबर दिसत होतं. विंडोजच्या एडिटरनं प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न लावलं होतं, ते अदृश्य अक्षर कमांडच्या शेपटाला चिकटून फाईलच्या नावाचा भाग झालेलं. ओळ उचलल्यावर ‘टीआर’मधून ते अक्षर गाळून टाकलं. असलं काही असल्याचा संशय आला तर ‘कॅट -ए’ मध्ये ए मोठा देऊन फाईल बघा, ओळीच्या शेवटी टोपीसारखं चिन्ह आणि एम दिसतो.

आता अडलोय ते आंब्याच्या लेबलांवर. लेबलांच्या एसव्हीजी (एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या चित्राच्या) फाईलीत एचटीएमएलसारखी कॉमेंट असते, तिच्यात मी ओळ घातली:

<!-- कर@: इंकस्केप --एक्सपोर्ट-फाईलनेम=लेबल.पीडीएफ "$1" -->

शेपटाचं ‘-->’ स्क्रिप्ट कापून टाकते, पीडीएफ होते. पण बागायतदाराला नमुना दाखवायला तीच फाईल फायरफॉक्समध्ये उघडली तर लेबलाऐवजी ‘एक्सएमएल पार्सिंग एरर’. ओळ काढली की उघडते. कमांड तर चालतेय, मग ब्राउझरला तिच्यात काय खुपतंय?

---

देवबाग संगम

दोन डॅश खुपतायत. एक्सएमएलच्या कॉमेंटमध्ये पोटात कुठेही लागोपाठ दोन डॅश चालत नाहीत, फक्त शेवटी बंद करताना. तुमच्या ‘--एक्सपोर्ट’मधले दोन डॅश आले की फायरफॉक्सच्या लेखी फाईल तिथेच बिघडली. काही प्रोग्रॅम हे पोटात घालतात, ब्राउझर घालत नाही.

इंकस्केप १.० पासून त्या लांबलचक पर्यायाला आखूड रूप आहे, एका डॅशचं:

<!-- कर@: इंकस्केप -ओ लेबल.पीडीएफ "$1" -->

पीडीएफ करायची की पीएनजी, ते तो फाईलच्या शेपटावरून ओळखतो. ज्या प्रोग्रॅमला आखूड पर्याय नाहीत त्यांच्यासाठी कमांड वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवून ओळीत फक्त तिचं नाव लिहा.

असाच एक सापळा तुमच्या सी फाईलींतही आहे. लांब ओळ मोडायला शेवटी उलटी तिरकी रेघ दिलीत, तर दोन रेघांची कॉमेंट खालच्या ओळीवरही चालू राहते. खालची ओळ कमांडचाच उरलेला भाग असेल तर ठीक. खरा कोड असेल तर तो गुपचूप कॉमेंट होतो. जीसीसी ह्या सी कंपायलरला ‘-वॉल’ द्या, ‘मल्टी-लाइन कॉमेंट’ म्हणून इशारा देतो.

आणि आमच्या घरचं कार्ड ह्या महिन्याचं अजून आलेलं नाही.

---

जेटीवरचा छापखाना, मालवण

उघडली! एक डॅश, आणि फायरफॉक्स गप्प. सगळ्या लेबलांत बदललं.

स्क्रिप्ट उद्या इथे टाकतो. त्यात अजून एक घालायचंय: खूण सापडली नाही तर सध्या ती काहीही न बोलता संपते आणि भाच्याला वाटतं काम झालं. आता ‘ह्या फाईलीत कमांड नाही’ असं म्हणून शून्याखेरीज दुसरा कोड देऊन बाहेर पडेल, म्हणजे मेकमधून बोलावली तरी मेक तिथेच थांबेल.

संगमवाले, कार्ड छापून तयार आहे. सहाच्या देवबाग एसटीनं पाठवतो, कंडक्टरकडून घ्या.